दुःखाचा सागर आटवा, भिंतीवरचा खिळा ठेवा

पत्र असं आहे :

‘मी हौशी गिटारवादक. आमचा चौघांचा ग्रुप आहे, आठवड्यातून एकदा तालीम करतो. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं ब्लूज वाजवतो, गातो मीच. गाणी अर्थात सगळी इंग्रजी. आपलं स्वतःचं, मराठीतलं एक ब्लूज असावं म्हणून लिहायला बसलो आणि तीन महिन्यांत एकच कडवं झालं :

दुःखाच्या सागरात मी एकटा बुडतो आहे
दुःखाच्या सागरात मी एकटा बुडतो आहे
काळजाच्या वेदनेला शब्द अपुरा पडतो आहे

ड्रमर म्हणतो, हे भावगीत आहे. बेसवाला म्हणतो, दुसऱ्यांदा तीच ओळ आली की समोरचे मोबाइल काढतील. ती ओळ दोनदा म्हणायलाच हवी का? ही निव्वळ भरती नाही का? दुसरं असं, की ज्यांनी गुलामी आणि तिच्यानंतरचं जिणं सोसलं त्यांचं हे गाणं. माझं दुःख एवढंच, की चार वर्षं बरोबर राहिलेली मैत्रीण गेल्या वर्षी निघून गेली. एवढ्या भांडवलावर मला ब्लूज लिहायचा हक्क आहे का? आणि गाणं झालंच, तर ते तिला पाठवू का?

ता. क. ती जाताना तिचं सामान घेऊन गेली, त्यात भिंतीवरचं घड्याळही गेलं. खिळा तसाच आहे. किती वाजले ते बघायला मी अजून तिकडंच बघतो. हसू नका.

– तिसऱ्या ओळीपाशी अडकलेला’

प्रिय अडकलेले,

हसलो नाही. ता. क. पर्यंत आलो आणि पत्र बाजूला ठेवून उठलोच. तीन महिने तुम्ही गाणं सागरात शोधत होता आणि ते भिंतीवर होतं. तिथं येऊच. पण आधी दोनदा म्हणायच्या ओळीचं बघू, कारण माझ्या मते ब्लूज लिहिणाऱ्याचं सगळं तिथंच ठरतं.

बारा बारचं आवर्तन तुमच्या हातात आहे, ते मी शिकवायला नको. फक्त एकदा ते शब्दांच्या बाजूनं बघा. चार-चार बारचे (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक घर) तीन तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक ओळ. ई च्या पट्टीत वाजवत असाल तर पहिली ओळ ई या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यावर, पडते. दुसरी ओळ सुरू होते तेव्हा खालची जमीन ए वर सरकलेली असते. तिसरी बी वर चढते आणि ए वरून उतरत घरी येते. म्हणजे ओळ तीच असली तरी ती पहिल्यांदा जिथं उभी होती तिथं आता नसते. शब्द तुम्ही बदलले नाहीत, त्यांच्या पायाखालचं बदललं. ऐकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याच्या कानाला ते कळतं.

आता कधी गझलेच्या मुशायऱ्याला बसला असाल तर आठवा. शायर पहिला मिसरा म्हणतो. थांबतो. तोच मिसरा पुन्हा म्हणतो. समोरचे पुढं सरकून बसतात, आणि मग तो दुसरा मिसरा सोडतो. मधल्या त्या पुनरुक्तीला कुणी भरती म्हणत नाही. ब्लूजमध्ये हेच घडतं, फक्त चाकोरीत बांधून. शिवाय त्यात एक रोकडी सोयही होती. ऐन वेळी रचून गाणाऱ्याला दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणताना तिसरी सुचायला दहाएक सेकंद मिळायचे.

आणि मुळात दोनदाच कशाला? डब्ल्यू. सी. हँडी हा वाद्यवृंद चालवणारा, नोटेशन लिहिता-वाचता येणारा संगीतकार. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर या छोट्या स्टेशनावर तो रखडलेल्या गाडीची वाट बघत होता. शेजारी एक काळा माणूस येऊन बसला, गिटारच्या तारांवर सुरी दाबून सरकवत वाजवू लागला आणि एकच ओळ तीनदा गायला. ओळीत काय होतं? तो कुठं चाललाय ते. सदर्न रेल्वेचा मार्ग ‘डॉग’ नावाच्या मार्गाला जिथं छेदतो तिथं. मूरहेड नावाच्या गावात हे दोन रूळ खरोखरच एकमेकांना काटकोनात छेदत होते. हँडीनं पुढं १९४१ च्या आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला. इतकं विलक्षण संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं असं तो म्हणतो. आता बघा, त्या ओळीत दुःख नाही, काळीज नाही, अश्रू नाहीत. एक पत्ता आहे. पण तीनदा ऐकल्यावर आपल्याला प्रश्न पडायला लागतो, की हा तिथं का चाललाय, कुणाकडं, आणि इथून का निघालाय. पत्ता खरा होता म्हणून ओळ तीनदा टिकली.

तुमची ओळ दुसऱ्यांदा म्हणून बघा. ‘दुःखाच्या सागरात मी एकटा बुडतो आहे.’ पहिल्यांदाच सगळं सांगून झालेलं आहे. भावनेचं नाव सांगितलं, आकार सांगितला, आत माणसं किती तेही सांगितलं. दुसऱ्या वेळेसाठी काही उरलंच नाही. बेसवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. पण दोष पुनरुक्तीचा नाही. ती ओळ एकदासुद्धा म्हणण्यासारखी नव्हती, दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते उघडं पडलं एवढंच.

हे मी वरच्या पट्टीत बोलतोय असं वाटेल, म्हणून स्वतःचं सांगतो. माझ्या पहिल्या ब्लूजची पहिली ओळ ‘अस्वस्थतेच्या अस्तरात माझं अस्तित्व गुरफटलेलं’ अशी होती. अनुप्रासावर मी इतका खूश होतो, की तालमीला झेरॉक्स काढून नेल्या. गाणारीनं पहिल्यांदा ती निभावून नेली. दुसऱ्यांदा तिची जीभ तिसऱ्या ‘अस्’पाशी अडकली. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलोच नाही, कारण ड्रमर काठ्या खाली ठेवून खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला होता. घरी येऊन मी ती ओळ मोठ्यानं दोनदा म्हटली. लिहिल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे आणि ती तुम्हालाही देतो. ओळ लिहिली की ती खोलीत कुणी नसताना दोनदा म्हणा. गाऊ नका, नुसती म्हणा. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज आपोआप बदलला, एखाद्या शब्दावर किंचित थांबावंसं वाटलं, तर ती ठेवा. दुसऱ्यांदा म्हणताना उरकून टाकावीशी वाटली, तर फाडा.

दुसरी वेळ अगदी जशीच्या तशी गायची नसते, हेही लक्षात ठेवा. पुढं एखादं ‘अगं’, ‘सांगतो’, ‘खरंच’ लागतं, एखादा शब्द मागं-पुढं सरकतो, सम चुकवून उशिरा पाऊल टाकलं जातं. मात्र इंग्रजी गाण्यांतलं ‘ओ बेबी’ तिथं चिकटवू नका. आपल्या भाषेत माणूस माणसाला विनवताना, टोमणा मारताना ज्या हाका मारतो त्याच चालतात. चार वर्षं एकत्र राहिलात, म्हणजे तुमच्याकडं अशा हाका असणारच. त्यातली एखादी, फार खाजगी नसलेली, वापरा.

ओळीच्या बांधणीबद्दल दोन गोष्टी. ब्लूजच्या ओळीला साधारण मध्यावर एक श्वास असतो. अर्धी ओळ, श्वास, उरलेली अर्धी. तुमच्या ओळीत तो घ्यायला जागाच नाही, ती सरळ रेषेत बुडत जाते. दुसरी गोष्ट, चार बार मिळाले म्हणून चारही भरू नका. शब्द दोन-अडीच बारांत संपवा, पुढचं गिटारचं. शेतात, रस्त्यावर, बंधाऱ्यावर एकानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, ही कामकऱ्यांच्या गाण्यांची रीत ब्लूजमध्ये एकट्या माणसाच्या हातात आली, तेव्हा ओ देणारी गिटार झाली. तुम्ही स्वतःच वाजवता आणि स्वतःच गाता, म्हणजे दोन्ही भूमिका तुमच्याच. मग शब्दांनी सगळंच बोलायची गरज नाही. ‘शब्द अपुरा पडतो आहे’ असं तुम्ही शब्दांत सांगता, तेव्हा गिटारला तिचं काम करू देत नाही.

आता मराठीची एक खास अडचण. इंग्रजी ब्लूज ऐकून लिहिणाऱ्याच्या ती लवकर ध्यानात येत नाही. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे काही न करता यमकं जुळत राहतात, गेली–केली–आली, चढतो–रडतो–बुडतो, आहे–पाहे. तुमचं ‘बुडतो आहे, पडतो आहे’ हे त्यातलंच. अशी यमकं फुकट मिळतात आणि फुकट मिळाल्यासारखीच ऐकू येतात. इंग्रजीत ओळीच्या टोकाला बऱ्याचदा वस्तू येते, दार, रस्ता, गाडी, आणि आवाज तिच्यावर रेंगाळतो. आपल्याकडं टोकाला ‘आहे’ येतं आणि आवाज ‘आहे’वर रेंगाळतो. ‘आहे’त रेंगाळण्यासारखं काय आहे?

म्हणून वाक्य उलटं करा. बोलताना आपण तसं करतोच की. ‘दार उघडंच ठेवलं होतं’ आणि ‘ठेवलं होतं उघडंच दार’, दोन्ही मराठीच आहेत. दुसऱ्यात तक्रार जास्त आहे. नाम ओळीच्या टोकाला आणा. जमलं तर शेवटचा स्वर मोकळा ठेवा, आ, ओ, ए. ब्लूजमध्ये तिसरा आणि सातवा स्वर जरा दाबून, दोन पट्ट्यांच्या फटीत गायचे असतात. ते खेचायला लांब स्वर लागतो. ऱ्हस्व इकारावर आवाज वाकवायला गेलात तर तो मोडतो. उलट एखादी ओळ मुद्दाम तोडायची असेल तर ‘राग’, ‘पाठ’, ‘बस’ असे व्यंजनावर आपटणारे शब्द टोकाला आणा. यमक काटेकोर नसलं तरी बिघडत नाही. नुसता स्वर जुळला तरी कान समाधानी राहतो, कारण पहिली ओळ दोनदा ऐकल्यानं त्याला तो स्वर पाठ झालेला असतो.

आता हक्काचं. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं बरं वाटलं, म्हणून वरवरचं उत्तर देणार नाही.

ज्या डेल्टाचं नाव आपण ब्लूजबरोबर घेतो तो नदीच्या मुखापाशी नाही. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला, राज्याच्या वायव्येकडचा गाळाचा सपाट पट्टा आहे तो. कायद्यानं गुलामी १८६५ मध्ये संपली. पुढच्या दोन पिढ्या तिथली काळी माणसं दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं कापूस पिकवत राहिली. बियाणं, अवजारं, दुकानातली उधारी, सगळं मालकाच्या वहीत. वर्षाखेरीस हिशेब व्हायचा आणि बऱ्याचदा वही सांगायची, की अजून देणंच आहे. मताचा हक्क कागदावर, रेल्वेचे डबे वेगळे, दारं वेगळी, आणि शब्द चुकला तर जमावाच्या हातून मरण. या माणसांनी जे गाणं रचलं ते ब्लूज. तेव्हा कापसाचं शेत, मालगाडीची शिट्टी, बंधाऱ्यावरची छावणी, पार्चमनचा तुरुंग हे सामान त्यांचं आहे. ते उचलून तुमच्या गाण्यात ठेवलंत तर तो दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसेल. ते करू नका.

पण त्यांनी रचलेली रीत वेगळी. ती त्यांनीच रेकॉर्डवर घालून जगभर पाठवली, आणि तिच्याकडं नीट बघितलं तर एक गोष्ट दिसते. ती माणसं दुःखाची व्याख्या करत बसत नव्हती. गिटारवर गाणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनचं चौरस्त्यावरचं गाणं घ्या, नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत ध्वनिमुद्रित झालेलं. लोक त्याला सैतानाची आणि आत्मा विकल्याची दंतकथा चिकटवतात. गाण्यात सैतान नाहीच. गुडघे टेकून देवाची दया मागणारा एक माणूस आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतोय, कुणी थांबत नाही आणि सूर्य बुडायला आलाय. बस एवढंच. त्या काळातल्या त्या दक्षिणेत काळ्या माणसानं अनोळखी रस्त्यावर रात्री एकट्यानं सापडणं म्हणजे काय, हे त्याच्या श्रोत्यांना माहीत होतं. त्यानं फक्त सूर्य कुठवर आलाय ते सांगितलं.

अजून एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं. बेसी स्मिथ या गायिकेनं पुरावरचं एक ब्लूज गायलं, स्वतःच रचलेलं. पाच दिवसांचा पाऊस, होडीतून सुटका, उंचावर जाऊन खाली पाण्यात आपलं घर होतं तिकडं बघणं, असं सगळं पायरीपायरीनं. ते ध्वनिमुद्रित झालं फेब्रुवारी १९२७ मध्ये. मिसिसिपीचा महापूर आला त्याच वर्षी एप्रिलमध्ये, बंधारे फुटून. म्हणजे गाणं त्या पुराबद्दल नव्हतंच. अभ्यासक त्याचा संबंध १९२६ च्या नाताळात नॅशव्हिलला आलेल्या पुराशी जोडतात. पण डेल्टात घरं गेलेल्या लोकांनी ते आपलंच मानलं. तिनं ‘समस्त पूरग्रस्तांची वेदना’ लिहिली असती तर ते कुणाचंच झालं नसतं.

आणि एक सांगायचं राहिलंच. ब्लूजच्या पहिल्या रेकॉर्डवाल्या तारका बायका होत्या. १९२० मध्ये मेमी स्मिथची रेकॉर्ड खपली आणि कंपन्यांचे डोळे उघडले. मग मा रेनी, बेसी स्मिथ. त्यांच्या गाण्यांत रडणं आहे, पण त्याहून जास्त हिशेब आहेत, धमक्या आहेत, चावटपणा आहे, निघून जाणाऱ्याला ‘सामान विसरू नकोस’ म्हणण्याची धमक आहे. पुढं शिकागोत विली डिक्सन हा गीतकार मडी वॉटर्स या गायकासाठी लिहायला लागला तेव्हा तर गाणंच्या गाणं फुशारकीचं निघालं. तेव्हा पडेल चेहऱ्यानं गिटार मांडीवर घेतलेला एकटा पुरुष म्हणजे ब्लूज, हे डोक्यातून काढा. तुमचा ‘हसू नका’ हा शब्द मला म्हणूनच खटकला. हसू येणं ही चांगली खूण आहे. ज्या गोष्टीला हसू येतं आणि लगेच लाज वाटते, तिच्यावर दोनदा म्हणायची ओळ निघते.

तेव्हा हक्क आहे, तुमच्या खिळ्यापुरता. सागरावर नाही.

चला, कडवं करू. मी तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करतो. जवळपास प्रत्येक अडकलेल्या माणसाला मी हेच सांगतो. पहिली ओळ सुचली म्हणून लिहिली आणि मग तिसरी शोधत बसलात, तर महिने जातात. तुमचे तीन गेलेच. आधी घाव कुठं घालायचा ते ठरवा, मग तिथवर नेणारी ओळ लिहा. तुमच्या पत्रात घाव आहे तो वेळ बघायला खिळ्याकडं बघण्यात. म्हणजे तिसऱ्या ओळीत वेळ कळत नाही हे यायला हवं. मग पहिलीत घड्याळ आणि खिळा, आणि खिळा टोकाला, कारण तो नाम आहे आणि त्याचा ‘ळा’ हवा तेवढा लांबवता येतो :

घड्याळ घेऊन गेलीस बाई, भिंतीवर उरला खिळा
सांगतो, घड्याळ घेऊन गेलीस बाई, भिंतीवर उरला खिळा
दिवसातून दहादा बघतो तिकडं, वेळ कळेना मला

यात दुःख हा शब्द नाही. एकटा नाही, काळीज नाही. पहिल्यांदा ‘उरला खिळा’ ऐकताना ती वस्तुस्थिती आहे. दुसऱ्यांदा, ए वर, उरलेला कोण ते ऐकणाऱ्याला जरा कळायला लागतं. मी ते कळवलेलं नाही. आणि तिसरी ओळ स्पष्टीकरण देत नाही, ती बाजूला सरकते. तिसऱ्या ओळीत ‘कारण’ आलं की समजा चुकलं.

पुढच्या कडव्यासाठी मी तुमच्याकडून काही उधार घेऊ शकत नाही, म्हणून कल्पनेनं घातलंय. तुमच्याकडं खरं असेल तर तेच घाला :

अजून तुझ्या नावाचं टपाल येतं, ठेवतो दारामागं
अगं, अजून तुझ्या नावाचं टपाल येतं, ठेवतो दारामागं
पोस्टमन तुझ्या नावानं मलाच हाक मारतो, धरू कुणावर राग?

‘मागं’ आणि ‘राग’ हे यमक शाळेत नापास होईल. इथं चालतं, शिवाय ‘राग’चा ग गिटारला टाळी दिल्यासारखा पडतो. या कडव्याचा पहिल्याशी गोष्ट म्हणून संबंध नाही, तोही चालतो. ब्लूजचं कडवं गझलेच्या शेरासारखं आपल्या पायावर उभं असतं. जुने गायक तर कडवी या गाण्यातून त्या गाण्यात बिनदिक्कत नेत. ‘सकाळी उठलो आणि बघतो तर’ अशी सुरुवात शेकडो गाण्यांत सापडते, ती कुणा एकाची नाहीच. सुचत नसेल तेव्हा तुम्हीही तिचा शिडीसारखा वापर करा, फक्त वर चढल्यावर शिडी काढून घ्या.

असं असलं तरी शेवटचं कडवं कुठंतरी पोचलं पाहिजे. मला सुचलेलं असं :

त्याचे सेल मीच बदलायचो, स्टूल धरायचीस खाली
आठव, त्याचे सेल मीच बदलायचो, स्टूल धरायचीस खाली
बंद पडलं असेल एव्हाना, आता तुझ्यावर वेळ आली

हो, ‘आली’ हे क्रियापदच आहे आणि वर मी त्याविरुद्ध बरंच बोललो. पण ‘वेळ’ हा शब्द पहिल्या कडव्यात घड्याळातली वेळ होता, इथं तो उलटून तिच्या अंगावर जातो. एवढं काम करणाऱ्या क्रियापदाला मी टोकाची जागा देतो. गाताना ‘आता’ नंतर बँड थांबवून बघा. चौघं एकदम गप्प, आणि ‘तुझ्यावर वेळ आली’ हे शब्द एकटेच पडू द्या. मग टर्नअराउंड, म्हणजे आवर्तन पुन्हा सुरुवातीला नेणारे शेवटचे दोन बार. ड्रमरला सांगा, इथं भरायचं नाही.

कडवी किती? जुन्या दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या चालीत बारा बारचं एक आवर्तन अर्ध्या मिनिटाचं होतं, म्हणजे सहा आवर्तनं. एक सोलोला द्या, उरली पाच. मी तीन लिहिली आहेत, ती मोडून-तोडून तुमची करा, उरलेली दोन तुम्ही लिहा. तिच्याकडं गेलेल्या आणि तुमच्याकडं राहिलेल्या वस्तूंची एक यादी करा. भावनांची नको, वस्तूंचीच. यादीतल्या ज्या वस्तूपाशी पेन थांबेल तिथं चौथं कडवं आहे.

तिला पाठवायचं का, हे या सदराच्या कक्षेबाहेरचं आहे. तरी माझं मत : आत्ता नको. तिला पाठवायचं ठरवून लिहिलंत तर प्रत्येक ओळ तिला काय वाटेल याचा विचार करत येईल, आणि गाण्याचं पत्र होईल. आधी बेसवाल्यासमोर गा. दुसऱ्यांदा तीच ओळ येताना त्यानं मोबाइल काढला नाही, तर पुढचं पुढं.

आणि रेकॉर्डिंग होईपर्यंत नवं घड्याळ मात्र विकत घेऊ नका.